उन्हाच्या शहरातली उमेदवारी

मी सोलापूरची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३च्या पुढे जातो आणि तरीही बाजार भरतो, लग्नं लागतात. त्यामुळे आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं सत्र दुबईत, तेही ऐन उन्हाळ्यात करायचं ठरलं, तेव्हा घरात उन्हाविषयी फारसं कुणी बोललं नाही. सगळी चर्चा परक्या देशाची झाली. तिथे राहिल्यावर कळलं की या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. दुबईत उन्हाळा हा शहराचा पहिला कायदा आहे. कामाच्या वेळा, खोलीचं भाडं, चालायचा रस्ता, संध्याकाळची मैत्री, सगळं त्याच्या कलाने चालतं. हा कायदा जो लवकर शिकतो तो लवकर रुळतो. आणि तो शिकवणारी माणसं बहुतेक वेळा ऑफिसात भेटत नाहीत, बाहेर उन्हात भेटतात. पुढच्या उन्हाळ्यात बॅग भरणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांच्याकडून शिकलेलं हे सगळं लिहिते आहे.

१. शरीराला दोन आठवडे द्या

सोलापूरचं ऊन कोरडं. घाम येतो, वाऱ्यावर वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. लिंबाच्या सावलीत थोडं टेकलं की माणूस पुन्हा कामाला लागतो. दुबई समुद्राकाठी आहे आणि तो समुद्र उथळ आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणीच ३० अंशांच्या वर तापतं. ऑगस्टमध्ये दिवसाचं कमाल तापमान सरासरी ४१-४२ अंश असतं आणि हवा दमट. घाम अंगावरच राहतो, म्हणून शरीर निवत नाही. सूर्य मावळल्यावरही सुटका नसते, कारण रात्रीचा पारासुद्धा तिशीच्या आसपासच रेंगाळतो. मुंबई-कोकणातल्या मुलांना दमटपणा ओळखीचा असतो, पण इतक्या तापमानासोबतचा नाही.

अशा हवेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस शहर पालथं घालायचे बेत बाजूला ठेवा. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. घाम फार गेला असेल तर मीठ-साखरेचं पाणी घ्या. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली तर लगेच गार जागी जा आणि सोबतच्या माणसाला सांगा. गप्प राहून सोसण्यात कसलीही बहादुरी नाही.

२. कागद आधी, तिकीट नंतर

संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. ‘आधी या, मग बघू’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. आपल्या नावाने कोणता परवाना निघणार, आरोग्य विमा कोण काढणार, विद्यावेतन कधी आणि कसं मिळणार, हे निघण्याआधी ई-मेलवर लेखी घ्या. लेखी मागितल्याने कुणी रागावत नाही. तिथे कामाची रीतच तशी आहे.

औषधांचीही तयारी करा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं तिथे नियंत्रित आहेत आणि ती नेण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांतही कोडीन असतं. घरातली औषधांची पिशवी तशीच उचलून बॅगेत टाकू नका. एकेक नाव तपासा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. तिथे तो गुन्हा ठरू शकतो, आणि आमच्यासारख्या सतत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावं.

३. खोली बघताना पश्चिम कुठे आहे ते विचारा

विद्यावेतनात स्वतंत्र घर परवडत नाही. बहुतेक जण करामा, बर दुबई, देरा अशा जुन्या भागांत ‘बेड स्पेस’ घेतात, म्हणजे खोलीतली एका पलंगापुरती जागा. ती बघायला जाताना चार प्रश्न घेऊन जा.

पहिला, गारव्याचं बिल कोण भरणार? कितीतरी इमारतींत थंड पाणी एका मध्यवर्ती प्रकल्पातून नळांवाटे येतं, त्यावर एसी चालतो आणि त्याचं बिल वीज-पाण्याच्या बिलापासून वेगळं असतं. जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असं लिहिलेलं असलं तर तो खर्च भाड्यातच आला. उन्हाळ्यात या दोन शब्दांनी महिन्याचा हिशोब बदलतो.

दुसरा, भाडेकराराची सरकारी नोंद झाली आहे का? तिला ‘इजारी’ म्हणतात. राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद असायला हवी. अनामत रकमेची पावती घ्या. फळ्या ठोकून पाडलेल्या कप्प्यांत, कितीही स्वस्त असलं तरी, राहू नका. आग लागली तर तिथून बाहेर पडायला वाट नसते.

तिसरा, खिडकी कोणत्या दिशेला आहे? पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहते. उत्तरेची खोली मिळाली तर थोडं जास्त भाडं देऊनही ती घ्यावी.

चौथा प्रश्न पाण्याचा. जुन्या इमारतींच्या टाक्या गच्चीवर असतात आणि उन्हाळ्यात थंडच्या नळाला कढत पाणी येतं. आमच्या खोलीत केरळच्या एक परिचारिका होत्या, त्यांना आम्ही सगळ्या ‘चेची’, म्हणजे ताई, म्हणायचो. त्यांनी सांगितलेली युक्ती तिथल्या जुन्या रहिवाशांना पाठ असते: उन्हाळा लागला की गिझर बंद करायचा. गिझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते, त्यामुळे त्यात साठलेलं पाणी निवतं. मग आंघोळीला गरमचा नळ सोडायचा.

४. रस्ता एकदा सूर्य मावळल्यावर चालून बघा

नकाशावर ‘चालत ९ मिनिटं’ दिसतं. त्या नऊ मिनिटांतली किती उन्हात जाणार हे नकाशा सांगत नाही. म्हणून खोली ते मेट्रो आणि मेट्रो ते ऑफिस हा रस्ता कामावर रुजू होण्याआधी संध्याकाळी एकदा चालून बघा. कोणत्या इमारतीखाली कमानीची वाट आहे, वातानुकूलित बसथांबा कुठे आहे, कोणत्या मॉलमधून आरपार जाता येतं, कोणत्या ग्रोसरीत पाण्याची बाटली मिळते, हे मनात टिपून ठेवा. जूनमध्ये तिथे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, इमारतींची सावली पायाशी गोळा होते. तेव्हा छत, कमान आणि पूल यांचाच आधार.

मेट्रो २००९ साली सुरू झाली. ती चालकाविना धावते आणि तिचे लाल व हिरवा असे दोन मार्ग बर्जुमान आणि युनियन या स्थानकांवर एकमेकांना मिळतात. बहुतेक ठिकाणी स्थानकापासून रस्त्यापलीकडे नेणारे पूल बंदिस्त आणि गार आहेत. नुसता रस्ता ओलांडायलाही त्यांचा उपयोग करावा. प्रवासभाड्याचं नोल कार्ड आत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचं. बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो. मेट्रोत खाण्यापिण्याला मनाई आहे, १०० दिरहम दंड होतो, म्हणून पाणी आधीच पिऊन घ्यावं. पत्ता सापडत नसेल तर इमारतीच्या दारावरचा दहा अंकी ‘मकानी’ क्रमांक बघा. टॅक्सीवाल्याला किंवा फोनमधल्या नकाशाला तो दिला की थेट त्या दाराशी पोचता येतं.

५. सोलापुरी चादर घेऊन जा

बाहेर ४२ अंश आणि ऑफिसात २१. दिवसभर एसीच्या झोतात बसून मान आखडते, घसा धरतो. आईने बळेबळे बॅगेत घातलेली सोलापुरी चादर रात्री पांघरायला आणि एक सुती शाल ऑफिसात खांद्यावर घ्यायला, या दोन गोष्टी मी सगळ्यात जास्त वापरल्या. बाहेरून घामाघूम येऊन लगेच झोताखाली बसू नका. थोडा वेळ जिन्यापाशी, दालनात थांबा. चष्मा, कॅमेरा आणि लॅपटॉप गारव्यातून बाहेर नेले की त्यांवर दव धरतं. उपकरणं पिशवीत बंद ठेवून बाहेर न्यावीत आणि बाहेरच्या हवेइतकी कोमट झाल्यावरच उघडावीत.

६. दुपारच्या अडीच तासांकडून शिका

दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. गेली दोन दशकं हा नियम चालू आहे. साइटवर गेल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. कामगार पहाटे अंधारात उठतात, बसने येतात आणि सूर्य वर येण्याआधी जमेल तेवढं काम उरकतात. साडेबाराला भोंगा होतो आणि सगळे गार शेडमध्ये जातात. तिथे बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, तेलंगणा, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान अशा सगळीकडची माणसं शेजारी शेजारी आडवी होतात.

साइटवरच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी प्रसाधनगृहातला एक तक्ता दाखवला. लघवीचा रंग गडद होत गेला की शरीरातलं पाणी किती कमी झालं, हे त्यावर रंगांच्या पट्ट्यांनी समजावलेलं होतं. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा. आरोग्याचं याहून सोपं आणि उपयोगी चित्र मी पाहिलेलं नाही. गोरखपूरकडचे एक सुतार होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी मला सामान कुठे ठेवायचं ते शिकवलं: “बेटी, साया अभी कहाँ है ये मत देखो, आधे घंटे बाद कहाँ होगा वो देखो.” सूर्याचा मार्ग आम्ही कॉलेजात आलेखांवर शिकलो होतो. चाचांना तो पायाखाली माहीत होता.

उन्हाची दखल तिथे मशिदीतही घेतली जाते. २०२४च्या उन्हाळ्यात शुक्रवारचं प्रवचन १० मिनिटांत आटोपावं अशी सूचना देशभर निघाली, कारण कितीतरी लोक बाहेर अंगणात नमाजाला उभे असतात. अंगावर ऊन घेणाऱ्या माणसाचा विचार नियमात उतरवता येतो, हे मी तिथे शिकले आणि ते माझ्या शिक्षणातला मोठा भाग समजते.

७. लहान काम पूर्ण करून द्या

आमच्या ऑफिसात लेबनॉन, इजिप्त, फिलिपिन्स, जॉर्डन आणि भारत अशा अनेक देशांची माणसं होती. साठीच्या वास्तुविशारदालाही सगळे पहिल्या नावाने हाक मारायचे. ‘सर’ म्हणायची सवय असलेल्या आपल्याला ते जड जातं, पण काही दिवसांत जीभ वळते. एवढ्या तऱ्हेच्या इंग्रजीत तोंडी सूचना मिळतात, तेव्हा एक रीत फार उपयोगी पडते: जे सांगितलं ते जागेवर जाऊन चार ओळींत लिहायचं आणि “मला असं समजलं, बरोबर आहे ना?” म्हणून पाठवायचं. समोरच्याचाही वेळ वाचतो आणि आपल्यावरचा भरवसा वाढतो.

शिकाऊ माणसाला दारं-खिडक्यांचे तक्ते, नकाशांची नोंदवही, मापं जुळवणं अशी कामं मिळतात. ती शेवटच्या ओळीपर्यंत तपासून द्या. दाराच्या तक्त्यातून अख्खी इमारत कळते: कुठे आगीला थोपवणारं दार आहे, कुठून आजारी माणसाची खाट जाते, सफाई कामगारांचं सामान कुठे राहतं. ते तक्ते नीट केल्यावरच मला दर्शनी भिंतीवरच्या सावलीचा अभ्यास करायला मिळाला. २०२२पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आहे आणि सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस चालतात. म्हणून ज्यावर कुणाची सही हवी ते गुरुवारपर्यंत पुढे सरकवा.

८. पोट सांभाळा, पैसा दिरहममध्ये मोजा

कडक भाकरी आणि शेंगाचटणी महिनोन्महिने टिकते. ती भरपूर न्या. मसाले, पीठ, पोहे, मेतकूट यांची चिंता नको. धनंजय दातार यांच्या ‘अल अदिल’च्या दुकानांत आपल्याकडचा किराणा मिळतो. रोजच्या जेवणाला केरळी मंडळींच्या कॅफेटेरिया आहेत, तिथला करक चहा आणि पराठा स्वस्त पडतो. दुपारी ‘लबन’ घ्या, आपल्या ताकाच्या जवळचं, पोटाला थंड. जुलै-ऑगस्टमध्ये ताजा, रसरशीत खजूर बाजारात येतो, त्याला ‘रुतब’ म्हणतात. सुका खजूर खाऊन ज्याची कल्पना येत नाही अशी त्याची चव असते, ती चुकवू नका.

प्रत्येक किमतीला रुपयांनी गुणलं की चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. हातात येणारे दिरहम, त्यातून भाडं, मेट्रो, जेवण, फोन आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायची रक्कम, एवढे कप्पे पहिल्याच दिवशी पाडा. पाणी आणि टॅक्सी यांच्यासाठी उन्हाळ्यात हात सैल ठेवा. भर दुपारी तब्येत बिघडलेली असताना टॅक्सीचे पैसे वाचवू नयेत.

९. घरच्यांशी वेळ ठरवून बोला, आणि तिथेही घर शोधा

भारताची घड्याळं दुबईच्या दीड तास पुढे आहेत. आपण रात्री नऊला निवांत होतो तेव्हा सोलापुरात साडेदहा वाजलेले असतात आणि बाबांचे डोळे मिटायला लागलेले असतात. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात पण फोन लागत नाही. तिथे परवानगी असलेलं ‘बोटिम’सारखं अ‍ॅप निघण्याआधीच घरच्यांच्या फोनवर घालून द्या, आजीलाही दाखवून ठेवा. आम्ही बोलायची वेळ ठरवली होती, माझ्या ऑफिसाच्या आधी, आईचा स्वयंपाक चालू असताना.

एकटेपणा सुट्टीच्या दुपारी येतो. बाहेर जाता येत नाही आणि खोलीत मन लागत नाही. त्या दुपारचं काहीतरी ठरवून ठेवा: वाचनालय, मॉलमध्ये चालणं, कुणाकडे तरी जेवण. तिथे महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी कुटुंबं आहेत, आणि भाद्रपदात घरोघरी गणपती बसतात. ओळखीच्या ओळखीचा नंबर असला तरी संकोच न करता फोन करा. मला ज्या काकूंनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं त्या स्वतः नवीन लग्न होऊन तिथे आल्या होत्या तेव्हा त्यांनाही कुणीतरी असंच बोलावलं होतं. पण फक्त मराठी माणसांतच राहू नका. चेचींबरोबर रात्री जुमेराच्या किनाऱ्यावर जायला मला फार आवडायचं. तिथे २०२३पासून काही ठिकाणी रात्री पोहण्यासाठी दिवे आणि जीवरक्षक ठेवलेले आहेत. उन्हाळ्यात दुबईकरांची खरी संध्याकाळ रात्री नऊनंतर सुरू होते. आपलाही दिवस तसा लावून घ्या.

१०. जुन्या गल्लीत जाऊन बसा

बुर्ज खलिफा सगळेच बघतात. तुम्ही अल फहिदीला जा. खाडीकाठची ही जुनी वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवली. १९८०च्या दशकात तिचा बराच भाग पाडला गेला, उरलेला आता जपला आहे. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. गल्ल्या इतक्या अरुंद की एका घराची सावली दुसऱ्याला मिळते. घरांवर वाऱ्याचे मनोरे, ‘बारजील’. त्यांचं तोंड चारही बाजूंना उघडं असतं. वारा कुठूनही आला तरी आतल्या आडव्या-उभ्या भिंतींवर आपटून खाली खोलीत उतरतो आणि खोलीतली तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. वीज नव्हती तेव्हा लोकांनी हवेचा अभ्यास करून घर बांधलं होतं.

तिथून १ दिरहम देऊन अब्रा नावाच्या होडीने खाडी ओलांडा. या खाडीतून शतकभर मुंबईचा व्यापार चालला. भारतातून सागवान गेलं, कापड गेलं. १९६६पर्यंत दुबईत रुपयाच चालत होता, आणि शेवटची काही वर्षं आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास छापलेला. हे कळल्यावर शहर तितकंसं परकं राहत नाही. आपल्या आधी पिढ्यान्‌पिढ्या माणसं इथे आली, उन्हाशी जुळवून घेऊन राहिली, हा धीर फार मोठा असतो.

११. सावली वाटायची असते

ऊन सगळ्यांवर पडतं, पण सारखं पडत नाही. मी गारव्यात बसून नकाशा काढत होते तेव्हा तो नकाशा कुणीतरी लोखंडी सळया वाकवून उभा करत होतं. मोटरसायकलवरून जेवण पोचवणारी मुलं दुपारी इमारतींच्या दारांशी सावलीचा तुकडा शोधायची. आता शहराने त्यांच्यासाठी वातानुकूलित विश्रांती कक्ष उभारले आहेत, आणि असा एक कक्ष कितीतरी चमकदार मनोऱ्यांपेक्षा मला मोठी वास्तू वाटते. पहारेकरी, सफाई करणाऱ्या बायका, चहावाले, बसचे चालक यांना नावाने ओळखा. त्यांना पाणी विचारा. परक्या शहरात तुम्ही सुखरूप राहता ते त्यांच्यामुळे.

परत आल्यापासून कुठलाही आराखडा हाती घेतला की मी आधी पहारेकऱ्याची खुर्ची, बांधकाम चालू असताना गवंड्यांची जेवायची जागा आणि फाटकाबाहेर भाजी विकणाऱ्या मावशींचं छत कुठे येईल ते ठरवते. सोलापुरात याची गरज दुबईइतकीच आहे, आणि आपल्याकडे त्यासाठी कायद्याची वाट बघायचं कारण नाही. तुमचं क्षेत्र कोणतंही असो, हिशोबाचं, संगणकाचं, हॉटेलचं, पहिल्या आठवड्यात स्वतःला विचारा: इथे माझ्यासाठी उन्हात कोण उभं आहे, आणि माझ्या कामाने त्याचं ऊन कमी होईल की वाढेल? या प्रश्नाचं उत्तर रोजच्या कामात देता यायला लागलं की तुमची उमेदवारी सार्थकी लागली असं समजा.